मोठा भाऊ जेवून उठेपर्यंत

"कसं काय आबा?" असं सकाळी विचारलं तर ते उत्तर देत नसत. रागावलेले नसत, कानांनाही काही झालेलं नव्हतं. "आजून सकाय शे. संध्याकायले इचार," एवढं म्हणून पुन्हा झोपाळ्यावर पाय हलवत बसायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा तिरसट दिसतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, तब्येत बरी नसेल. मग हळूहळू कळलं की दिवस पुरता मावळल्याशिवाय त्या दिवसाबद्दल काही बोलायचं नाही असा त्यांचा नेमच आहे, आणि तो पाहुण्यांना, दूधवाल्याला, मला, सगळ्यांना सारखाच लागू आहे. संध्याकाळी मी म्हसावदची बस धरायला निघाले की ते फाटकापाशी उभे राहून सकाळच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे. "बरा गया दिन." किंवा, "काई खास नही." तोवर आपण काय विचारलं होतं तेही मला आठवत नसे.

आता मी दुसऱ्या गावी असते. इथे लोक सकाळी भेटले की न विचारताच "मस्त, मजेत" म्हणून मोकळे होतात. अशा वेळी मला शहाद्याचा तो झोपाळा आठवतो, त्याच्या कड्यांची कुरकुर आठवते, आणि थोडा वेळ मी जागेवर नसते.

आबा माझे घरमालक. तेही वरच्या एकाच खोलीचे आणि दिवसापुरते. म्हसावदला आमच्या घरी वीज असली की नेट नसायचं आणि नेट आलं की वीज जायची, म्हणून मी शहाद्यात कामापुरती खोली घेतली होती. सकाळच्या बसने यायचं, दिवसभर लॅपटॉपपुढे बसायचं, संध्याकाळी परत. काम काय, हे घरी कुणाला धड सांगता येत नव्हतं. वडील दबक्या आवाजात सांगायचे, "पोरगी शेअर बाजारमा शे," जसं काही मी कुठे पत्ते खेळायला जाते. मी बाजारात नव्हते. बाजारात उतरणाऱ्यांना चष्मे करून देत होते.

हे चष्मे म्हणजे इंडिकेटर. भावाचा चढउतार आलेखावर छोट्या उभ्या ठोकळ्यांनी दाखवतात, त्यांना कॅन्डल म्हणतात. एक कॅन्डल पंधरा मिनिटांची असेल, दिवसाची असेल, आठवड्याचीही असेल. भाव चढला तर ती हिरवी, उतरला तर तांबडी. माझी गिऱ्हाइकं देशोदेशीची, तोंड न पाहिलेली. त्यांचं म्हणणं असायचं की आम्ही पंधरा मिनिटांचा आलेख बघत बसलेलो असताना दिवस काय म्हणतोय आणि आठवडा काय म्हणतोय तेही तिथल्या तिथे दिसलं पाहिजे. तसं दाखवणारा प्रोग्राम मी लिहून द्यायचे.

हे मी कॉलेजातल्या मैत्रिणींना समजावताना थकले होते. आबांना एका चहात समजलं. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये झालेली. तिथे उसाच्या रसाचा नमुना दर तासाला घ्यायचा, मग अख्ख्या पाळीचा घ्यायचा, मग दिवसाचा.

"तासना नमुना चिडका ऱ्हास," ते म्हणाले. "एक गाडी वायेल ऊसनी उनी का त्यानं डोकं फिरनं. त्यानावर तू साहेबले फोन करशी ते साहेब तुलेच सुनावी. दिनना नमुना मातर सबूर ऱ्हास. त्यानं आयकानं."

मग त्यांनी माझ्या स्क्रीनवरच्या तीन पट्ट्यांवर एकेक बोट ठेवलं. "हाऊ धाकला भाऊ. हाऊ मधला. आनि हाऊ मोठा." पंधरा मिनिटं धाकला, दिवस मधला, आठवडा मोठा. त्या दिवसापासून माझ्या धंद्याची भाषाच बदलली.

खाली स्वयंपाकघरातून जिजींचा आवाज आला, "आयकं का! त्या पोरले काम करू द्या, आनि कप लई या." जिजी म्हणजे आबांच्या बायको. त्यांनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. "आयकं का" हेच त्यांच्या तोंडी आबांचं नाव होतं. दिवसातून इतक्या वेळा आणि इतक्या चालींवर त्या ते म्हणायच्या की मला वर बसून नुसत्या सुरावरून कळायचं, चहा झालाय, दूधवाला आलाय, की झोपाळ्यावर ओलं धोतर टाकल्याबद्दल आबांची हजेरी घेतली जाणार आहे.

जिजींचं आबांबद्दल एकच गाऱ्हाणं होतं. "भाजी कशी व्हयनी, हाई त्या आचवल्यावर सांगतस. आख्खं जेवन व्हस, हात धुवाई जातस, मंग म्हनतस चांगली व्हती. तोवर मन्हा जीव टांगेल ऱ्हास." आबा ऐकून घ्यायचे. लग्नाला गेले तरी नवरानवरीचा जोडा कसा दिसतो हे सांगायला नकार द्यायचे. "आत्तेच काय सांगू? वीस वरीसनी इचारजो," म्हणायचे, आणि वरमाय तोंड फिरवून निघून जायची.

हा विचित्रपणा आला कुठून, ते मला जिजींनीच सांगितलं. आबांनी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

तापीकाठी आबांचं गाव. घर तीन भावांचं, केळीचे मळे, एक चूल. मळा बघून केळीचा व्यापारी घरी आला की बोलणं मोठ्या भावाच्या जेवणासमोर व्हायचं, अशी त्या घराची रीत होती. मोठा भाऊ पाटावर बसून जेवायचा. धाकला व्यापाऱ्याशी बोलायचा, मधला त्याच्या भावात खोट काढायचा, घासाघीस व्हायची. मोठा एक शब्द बोलायचा नाही. जेवून उठायचा, चूळ भरायचा, पंच्याला हात पुसायचा आणि मग "हा" किंवा "ना" म्हणायचा. ते झालं की झालं. पण एका दिवशी जेवणाच्या मध्येच मोठ्या भावाने हसून चांगली दोनदा मान हलवली. धाकल्याने ती बघितली आणि मागच्या दाराने जाऊन व्यापाऱ्याच्या माणसांना सांगितलं, कापा. मोठा भाऊ जेवून, ताक पिऊन, जरा आडवा होऊन बाहेर आला तेव्हा अंगणात केळीचे घड रचलेले होते.

"मी कढीले मान हालाडी व्हती," मोठा भाऊ म्हणाला. "केयास्ले नही! आजून पंधरा दिन घड भराना व्हता."

व्यापारी त्या कोवळ्या मालाकडे बघून निघून गेला. कापलेलं केळं परत झाडाला लागत नाही. मग घरात केळ्याची भाजी झाली, केळ्याच्या पुऱ्या झाल्या, गुरांनी केळी खाल्ली, गावाने खाल्ली, शेवटी गुरांनीही तोंड फिरवलं. तो धाकला भाऊ कोण, हे आबांनी मला सांगितलं नव्हतं. जिजींनी भेंड्या चिरता चिरता सांगितलं आणि डोळ्यांनी झोपाळ्याकडे खूण केली. आबा केळं खात नसत ते एवढ्यासाठी.

माझ्या धंद्यात नेमकी हीच चूक होते. आठवडा चालू असतो, त्याची कॅन्डल अजून मिटलेली नसते, आणि घाईने लिहिलेला प्रोग्राम तिचा आत्ताचा रंग पक्का धरून धाकल्याच्या आलेखावर 'आता घ्या' सांगणारा बाण काढतो. जुना आलेख उघडला तर सगळे बाण अचूक दिसतात, कारण तिथले सगळे आठवडे केव्हाच संपलेले असतात. जिवंत बाजारात मात्र बाण उगवतो, माणूस त्याच्यावर विसंबतो, आणि बाण पुसला जातो. या चुकीला आमच्यात एक रुक्ष इंग्रजी नाव आहे. आबा माझ्या खांद्यामागून बघत म्हणायचे, "थांब. मोठा भाऊ आजून जेवीसन उठना नही." मी तेच नाव धरलं. त्याहून नेमकं मला अजून सापडलेलं नाही.

पुढे ते रोज दुपारी वर यायला लागले. स्वतःची खुर्ची स्वतः उचलून आणायचे. दुपारी शहादा झोपतं. स्टँडाकडचा कालवा लांबून आल्यासारखा वाटतो. गळीत हंगाम असला की वाऱ्याबरोबर मळीचा गोडसर, आंबूस वास खोलीत येऊन बसतो. खिडकीला जिजींची जुनी हिरवी साडी लावलेली होती, तिच्यातून ऊन येऊन सगळी खोली हिरवट दिसायची. त्या उजेडात आबा आलेख मागे मागे सरकवत न्यायचे. आजपासून गेल्या महिन्यात, तिथून गेल्या वर्षात, तिथून मी शाळेत होते त्या काळात. खोल खड्डा आला की बोट ठेवायचे. "आठे लोके घाबरनात." सपाट भाग आला की, "आठे झोपी गयात." कुठल्या कंपनीचा आलेख आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही. एकही शेअर कधी घेतला नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "तापीवर जास मी, पानी देखस, परत येस. घर लई येस का तापीले?" ते आलेखाकडे बघत बसले की मलाही काम सुचायचं नाही. दोघं बसून राहायचो.

मग त्यांना स्वतः लिहायची हौस आली. एका बोटाने टाइप करायचे, तेही असं दाबायचे की बटण आत जाऊन बसेल. सगळ्या गोष्टींना नावं आपली. जिथे मी 'आठवड्याचा बंद भाव' असं इंग्रजीत लिहायचे तिथे ते इंग्रजी अक्षरांत 'मोठाभाऊ' लिहायचे, आणि आठवडा मिटला की नाही हे तपासणाऱ्या ओळीला 'आचवला'. त्यातला एक तुकडा चुकून एका परदेशी गिऱ्हाइकाकडे तसाच गेला. त्याने विचारलं, ही मोठाभाऊ काय पद्धत आहे? मी कळवलं, घरातला वडील भाऊ. तो जेवत असताना त्याला काही विचारू नये. त्याचं उत्तर आलं की पद्धत फार पटली, पुढच्या कामातही हीच वापरावी. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, "मानूस चांगल्या घरना दिखस."

विसरवाडीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथे हायवेच्या चौफुलीवर एक हॉटेलवाला होता. ट्रकवाल्यांना चहा देता देता तो मोबाइलवर बाजार करायचा. त्याने कुठून तरी एक इंडिकेटर मिळवला होता, ज्याचे बाण म्हणे कधीच चुकत नव्हते. त्याला माझ्याकडून तस्साच, पण मोठ्या अक्षरांचा करून हवा होता. आबांनी ऐकलं आणि पंचा खांद्यावर टाकून उठलेच. "चाल पोरी, देखी येऊत."

नंदुरबारला बस बदलून आम्ही विसरवाडीला पोहोचलो. हॉटेलवाल्याने आम्हाला चांगल्या बाकड्यावर बसवलं, भजी दिली आणि मोबाइल पुढे ठेवला. त्याच्या बाणांचा मोठा भाऊ तासाचा होता. मागचे सगळे बाण खरंच अचूक होते. आणि आत्ता, या घडीला, एक हिरवा बाण टवटवीत उभा होता.

"देखा आबा," तो म्हणाला. "देवना हातना बाण शे."

"तास पुरा व्हऊ दे," आबा म्हणाले.

मग आम्ही तिघं एका बाणाकडे बघत बसलो. ट्रक येत होते, जात होते, धूळ उन्हात तरंगत खाली बसत होती. हॉटेलच्या पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज येत होता. मला डुलकी लागली असावी, कारण हॉटेलवाल्याच्या ओरडण्याने मी दचकले.

"बाण कोठे गया? आत्ते व्हता ना आठे?"

"गया नही," आबा म्हणाले. "उनाच नव्हता. मोठा भाऊ आत्ते जेवीसन उठना."

हॉटेलवाला बाणावर चिडला नाही, आबांवर चिडला. "इतला दिन ठीक व्हता. तुम्हनीच नजर लागनी त्याले," म्हणाला आणि भज्यांची दुसरी बशी आणता आणता आत घेऊन गेला. परतीच्या बसमध्ये मी हसून हसून दमले. आबा खिडकीशी बसले होते. नवापूरकडचे डोंगर मागे पडले. मग म्हणाले, "मले बी वाटी ऱ्हायनं व्हतं, ऱ्हाई तो. भला हिरवा व्हता." मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात जिजी पडल्या. सकाळची वेळ होती. ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, तशाच एका बाजूला कलल्या. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात जड होता आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं. कोण आलं, भाजीत मीठ कमी आहे, आबांनी सदरा उलटा घातलाय, सगळं डोळ्यांत दिसायचं. शब्द तेवढे येत नव्हते. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, थोडं येईल, की येणारच नाही, हे आत्ता सांगता येत नाही. आबांना तो डॉक्टर फार आवडला. "मानूस खरा शे," म्हणाले. पण बाहेर आल्यावर चप्पल घालताना त्यांना डावी-उजवी कळेना, मी खाली बसून घालून दिली.

एकच शब्द जिजींपाशी राहिला होता. मंग. का राहिला, कुणास ठाऊक. पाणी हवं असलं तरी "मंग", पुरे झालं तरी "मंग". पुढं काय झालं असं विचारायला "मंग?", आणि तर काय, सांगते काय, असं ठणकावायला "मंग!" आम्ही सुरावरून ओळखायला शिकलो. मी बसमधल्या गमती सांगायचे आणि त्या डोळे मिटून "मंग? मंग?" करत ऐकायच्या. आधी इतक्या शांतपणे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मला ते आवडायचं आणि आवडतंय याचं वाईट वाटायचं.

आणि घर फार शांत झालं. वर बसून खालचं काही कळेना. दूधवाला येऊन गेला की नाही, चहा झाला की नाही. झोपाळाही वाजत नव्हता.

एका दुपारी आबा खुर्ची न घेता वर आले. दारातच उभे राहिले. "पोरी, मले एक इंडिकेटर पाहिजे."

"कसाना, आबा?"

"जिजीना."

त्यांनी सगळं ठरवून आणलं होतं. मंगखेरीज एखादा शब्द जिजींच्या तोंडून एकदा निघाला तर तो धाकल्याचा. तोच शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तर मधल्याचा. आणि आठवडाभर येत राहिला तरच शनिवारी संध्याकाळी मोठा भाऊ हिरवा व्हायचा. त्याआधी त्याला रंग द्यायचा नाही, काहीही झालं तरी. "एकदाव निंघेल शब्द ठसकागत ऱ्हास," ते म्हणाले. "तो काई बोलनं नही."

मी तसं करून दिलं. जिजींच्या कॅन्डल माझ्याच स्क्रीनवर, एका कोपऱ्यात. हालचाल नसलेली कॅन्डल म्हणजे नुसती आडवी रेघ. धाकल्याची रेघ, मधल्याची रेघ, मोठ्याची रेघ. रोज दुपारी आबा येऊन त्या रेघांकडे बघायचे. "मरेल नही," म्हणायचे. "झोपेल शे." दोन-तीनदा शब्द आले. "पानी" आलं, एकदा माझ्याकडे बघून "बस" आलं. बस म्हणजे खाली बस, की म्हसावदची बस निघाली, तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही गेले होते. मधला भाऊ जागचा हलला नाही.

मला राग यायचा. कुणाचा ते नीट सांगता येत नाही, पण आबांचा थोडा नक्कीच. एवढी एक बाई मरणाच्या दारातून परत आली, पाणी मागितलं, आणि हा माणूस शनिवारची वाट बघतो. एकदा मी म्हटलंच, "आबा, अर्धा आठवडाबी दखाडू ना. थोडासा हिरवा करू. कोनं काय जास?"

ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "नको! त्या अंगनमाना केया आजून मन्हा डोयामा शेत." मग खिडकीच्या साडीचा काठ हातात धरून उभे राहिले. "बाकीना शब्द नही उनात तरी चाली. तिनी मले हाक मारी पाहिजे. एवढंच. पन ते उनं म्हनीसन मी नाचसू, आनि दुसरा दिन नही उनं, ते मंग मी काय करू? सांग."

हा माणूस तत्त्वासाठी थांबलेला नाही, घाबरलेला आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. माझा राग गेला. पुढचे दिवस मी त्यांच्याबरोबर रेघा बघत बसले.

मग एका बुधवारी सकाळी मी नुकती येऊन लॅपटॉप उघडला होता. खालून करपल्याचा वास आला, भांड्याचा आवाज आला, आणि जिन्यावर पावलं. आबा कधी जिना चढताना घाई करत नसत. दारात आले तेव्हा हातात सांडशी तशीच होती, धोतरावर दूध सांडलेलं होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. क्षणभर मला वाटलं, आता यांनाही झालं काही तरी.

"दूध उतू गयं," ते म्हणाले. "मी मांगला दारले व्हतू. तिनी... तिनी हाक मारी. आयकं का, म्हनी. तसंच. पहिलासारखं. लिख."

मी धाकल्याला हिरवा केला.

"मोठाले कर."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "आबा, आज बुधवार शे," मी म्हटलं. "मोठा भाऊ जेवीसन उठना नही आजून."

"जेवू दे त्याले," आबा म्हणाले. "तू हिरवा कर."

मी त्यांनीच घालायला लावलेलं कुलूप काढलं. 'आचवला' ही ओळ पुसली. त्या कोपऱ्यातल्या लांबच लांब आडव्या रेघेच्या टोकाला एक हिरवी कॅन्डल उभी राहिली. आबा सांडशी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. हिरव्या साडीतून ऊन येत होतं, तसंच, रोजच्यासारखं. ते रडत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. मीही रडत होते, आणि मला ते चांगलं कळत होतं.

मग त्या दिवशी त्यांनी जो वेडेपणा केला त्याला तोड नाही. दूध पुन्हा गॅसवर ठेवलं, आच मोठी केली आणि मागच्या दाराला जाऊन उभे राहिले. दूध उतू गेलं. जिजींनी बघितलं आणि नुसत्या हसल्या. आबांनी परत ठेवलं. दुपारपर्यंत घरात थेंबभर दूध उरलं नाही, मला काळा चहा मिळाला, आणि जिजी त्या बरबटलेल्या गॅसकडे बघून कपाळाला डावा हात लावून म्हणाल्या, "मंग?"

गुरुवारी हाक आली नाही. शुक्रवारी आली नाही. शनिवारी संध्याकाळी मोठा भाऊ जेवून उठायची वेळ झाली तेव्हा मी आबांकडे बघितलं. नियमाने ती कॅन्डल पुसायची होती. आबा माझ्याशेजारी उभे होते. मी ती न पुसताच लॅपटॉप मिटला आणि बस धरली. ती कॅन्डल आजही माझ्याकडे तशीच आहे, मुदतीआधी हिरवी झालेली, सगळ्या नियमांनी चुकलेली.

रविवारी मला घरी चैन पडलं नाही. अंगणात पडलेले घड डोळ्यांपुढे येत होते. सोमवारी सकाळी फाटक उघडलं तेव्हा आबा झोपाळ्यावर बसले होते. शेजारी जिजींना टेकून बसवलं होतं आणि ते त्यांचे केस विंचरत होते. फणी चालवता येत नव्हती, भांग वाकडा पडला होता. झोपाळ्याच्या कड्या पुन्हा कुरकुरत होत्या.

"बोलन्यात का आखो?" हाक पुन्हा आली का, म्हणून मी हळूच विचारलं.

आबांनी मान हलवली. नाही.

सवयीने माझ्या तोंडातून निघून गेलं, "कसं काय आबा?" आणि निघाल्याबरोबर जीभ चावली. सकाळ होती. ऊन अजून ओट्यावरही चढलेलं नव्हतं.

आबांनी फणी थांबवली. उन्हाकडे बघितलं, मग जिजींच्या वाकड्या भांगाकडे बघितलं.

"चांगलं शे," ते म्हणाले.

जिजींनी चटकन वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि ठणकावून म्हणाल्या, "मंग!"